इंजिनाची आच कशी वाचावी

भोसरीतल्या एका शेडमध्ये रात्री उशिरा एका टर्बो पेट्रोल गाडीचं ट्यूनिंग चाललं होतं. गाडी ताकद मोजणाऱ्या डायनोच्या रोलरवर पट्ट्यांनी आवळलेली, बॉनेट उघडं, समोर दोन मोठे पंखे. तिसरा रन संपता संपता मी शेडचे दिवे बंद करायला सांगितले, कारण तापलेलं मॅनिफोल्ड अंधारातच नीट दिसतं. त्याचा रंग चेरी लालच्या पुढे जाऊन नारिंगीकडे झुकला होता. भट्टीशी आयुष्य घालवलेल्या कुठल्याही लोहाराने सांगितलं असतं की हे लोखंड साडेआठशेच्या आसपास आहे. आणि डॅशबोर्डवर चिकटवलेला मीटर एक्झॉस्ट वायूचं तापमान दाखवत होता ८६० अंश सेल्सिअस.

हे जुळत नव्हतं. मॅनिफोल्डला बाहेरून पंख्याचा वारा लागतो, त्यामुळे तो धातू आतल्या वायूपेक्षा बराच थंड असतो. धातूच साडेआठशेला पोचला असेल तर आतला वायू ८६० वर असणं शक्य नाही. गाडी थांबवली आणि वायरीच्या मागोमाग तपासत गेलो. प्रोब चांगला होता, मीटरही चांगला होता. पण प्रोबची वायर कमी पडली म्हणून आधी कोणीतरी तिला साधी तांब्याची वायर जोडून लांबवली होती, आणि तो जोड टर्बोच्या मागे, हात ठेववणार नाही अशा जागी आला होता. मीटर जवळजवळ ऐंशी अंश कमी सांगत होता. खरा आकडा ९४० च्या घरात होता आणि त्या टर्बोला सोसेल अशी मर्यादा होती ९५०.

त्या ऐंशी अंशांचं गणित पुढे येईलच. पण एक्झॉस्ट वायूच्या तापमानाबद्दल, ज्याला गॅरेजमध्ये सगळे ईजीटी म्हणतात, ट्यूनिंगच्या वर्तुळात दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर आल्यापासून ईजीटीची गरज उरली नाही. दुसरं म्हणतं, ईजीटी मीटर लावला की झालं, आकडा बघत मिश्रण बसवा. मला दोन्ही चुकीची वाटतात, आणि चूक एकाच ठिकाणी आहे. ईजीटीवरून मिश्रण ठरवायचं असतं, हे दोघांनीही गृहीत धरलेलं आहे. ते काम त्याचं नाही. इंजिनाच्या पुढचा धातू किती आच सोसतोय, ती किती वेळ सोसतोय, आणि कुठल्या सिलिंडरमध्ये काही वेगळं घडतंय का, हे सांगणं त्याचं काम आहे. ते दुसरं कोणतंही साधन इतक्या सरळपणे सांगत नाही.

गैरसमजाचं मूळ इतिहासात आहे. ही मोजणी आपल्याकडे विमानातून आली. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानात वैमानिकाच्या हाताशी मिश्रणासाठी एक लाल मूठ असते. उंचीवर हवा विरळ होते, म्हणून तो पेट्रोल कमी करत जातो. कमी करता करता ईजीटी वाढत जातो, एका शिखरावर पोचतो आणि मग उतरायला लागतो. पेट्रोल आणि हवा एकमेकांना जवळजवळ नेमकी पुरतात तिथे हे शिखर येतं. अमेरिकेत अल हुंडेरे यांनी आणि त्यांच्या अल्कॉर कंपनीने ही पद्धत छोट्या विमानांत रुजवली. वैमानिक शिखर शोधतो आणि तिथून पन्नास अंश रिच (पेट्रोल जास्त) किंवा काही अंश लीन (पेट्रोल कमी) अशी जागा पकडतो. त्याला प्रत्यक्ष आकड्याशी फारसं देणंघेणं नसतं. शिखरापासूनचं अंतर त्याला हवं असतं.

विमानात हे चालतं, कारण तिथे बाकी सगळं स्थिर असतं. मॅग्नेटोचं टायमिंग बहुतेक वेळा कायमचं बांधलेलं, आरपीएम तासन्‌तास तोच, भारही तोच. बदलतं ते फक्त मिश्रण. म्हणून आकडा मिश्रणाबद्दल बोलतो. टू-स्ट्रोकमध्येही हीच गोष्ट. कार्टिंगमध्ये आणि अल्ट्रालाइट विमानांत ईजीटी बघून जेट बदलतात, रोटॅक्स ५८२ सारख्या इंजिनाला ६५० अंशांची मर्यादा छापील दिलेली असते. आपल्याकडे कोल्हापूर-पुण्याच्या गॅरेजमध्ये आरएक्स १०० शर्यतीसाठी तयार करणारे मिस्त्री हेच काम प्लगच्या रंगावरून करत आले. फुल थ्रॉटलवरच इंजिन बंद करायचं, प्लग काढायचा, विटकरी रंग आला की जेट बरोबर. पांढरा पडला तर पिस्टन जाणार. तो रंगही उष्णतेचाच पुरावा असतो, फक्त रन संपल्यावर मिळणारा.

मोटारीच्या आधुनिक इंजिनात मात्र काहीच स्थिर नसतं. टायमिंग दर क्षणाला हलतं, बूस्ट हलतो, कॅमसुद्धा हलतात. तिथे एका आकड्यावरून मिश्रण ओळखणं म्हणजे नुसत्या तापावरून आजार ओळखण्यासारखं आहे. शिखराच्या रिच बाजूलाही ८८० येऊ शकतो आणि लीन बाजूलाही ८८० येऊ शकतो. पहिल्यात इंजिन वर्षानुवर्षं चालेल. दुसऱ्यात, पूर्ण बूस्टवर, फार वेळ चालणार नाही.

मिश्रणाचं काम आता वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर करतो आणि फार चांगलं करतो. बॉशचा पहिला लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाड्यांत आला, पण तो फक्त रिच की लीन एवढंच सांगायचा. आज कुठल्याही ट्यूनरकडे असणारा बॉशचा एलएसयू ४.९ पूर्ण पट्टी वाचतो. त्याचं म्हणणं ईजीटीपेक्षा मिश्रणाबाबतीत शंभर पटींनी भरवशाचं. पण त्या सेन्सरलाही स्वतःची मर्यादा आहे: त्याच्या जागेवर एक्झॉस्ट वायू सतत ९३० अंशांच्या वर नसावा. टर्बोच्या अगदी जवळ बसवलेला वाइडबँड लवकर मरतो तो यामुळेच.

आता टायमिंगकडे येतो, कारण पेट्रोल इंजिनात ईजीटी हलवणारा सगळ्यात मोठा हात तोच आहे, आणि नेमका तोच सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात असतो. ठिणगी वेळेवर पडली की जळण पिस्टन वर असतानाच आटोपतं आणि वायू प्रसरण पावताना आपली उष्णता कामाला लावतो. ठिणगी उशिरा पडली की जळण उशिरा संपतं. पिस्टन खाली निघालेला असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा वायू अजून धगधगत असतो, आणि जी उष्णता चाकांना मिळायची ती मॅनिफोल्डला मिळते. मिश्रण तसूभर न हलवता नुसतं टायमिंग काही अंश मागे घेतलं तर ईजीटी पन्नास अंशांनी सहज चढू शकतो. रॅलीच्या गाड्यांत टर्बो फिरता ठेवण्यासाठी जी अँटी-लॅग यंत्रणा असते ती हेच मुद्दाम करते: टायमिंग इतकं मागे नेते की जळण मॅनिफोल्डमध्ये होतं. म्हणून त्या गाड्या वळणावर फटाके फोडतात आणि टर्बोचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजावं लागतं.

उलट बाजूचा धोका याहून लपलेला आहे. टायमिंग पुढे नेत गेलं तर ईजीटी उतरत जातो. नवखा ट्यूनर खूश होतो: ताकद वाढतेय आणि आकडा कमी होतोय. मग नॉकिंग सुरू होतं. नॉकिंगमध्ये सिलिंडरच्या भिंतीवरचा वायूचा पातळ, तुलनेने थंड थर विस्कटतो आणि उष्णता पिस्टनमध्ये, हेडमध्ये घुसते. ती एक्झॉस्टकडे जात नाही, म्हणून मीटर आणखी खाली येतो. मीटर उतरतोय आणि आत पिस्टनची कड फुटतेय, असं घडू शकतं. ईजीटीच्या भरवशावर नॉकिंग कधीच शोधू नये. त्यासाठी नॉक सेन्सर आणि कानाला लावायचा हेडफोन आहे.

हा थर समजला की एक जुना प्रश्नही सुटतो. पिस्टनसाठी वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू ५८० अंशांच्या आसपास वितळायला लागतो. मग आत दोन हजार अंशांहून जास्त तापणाऱ्या वायूत तो टिकतो कसा? समईच्या ज्योतीतून बोट झरकन फिरवलं तर भाजत नाही, तसंच. ज्योत क्षणभर येते, मध्ये तो थर असतो, आणि खालून तेल, बाजूने रिंगा व पाणी उष्णता ओढून नेतात. म्हणून पिस्टनचा माथा तीनशे अंशांच्या आसपास राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची परिस्थिती वाईट. त्याला सातशेच्या वर सोसावं लागतं, म्हणून चांगल्या इंजिनांत त्याची दांडी पोकळ करून आत सोडियम भरतात. ते ९८ अंशांना वितळतं आणि दांडीत खाली-वर हिंदकळत उष्णता वर नेतं. आणि मॅनिफोल्ड, टर्बोचं हाउसिंग, टर्बाइनचं चाक यांच्यापाशी तर बाहेरच्या वाऱ्याखेरीज थंड करणारं काहीच नसतं. ते पूर्ण वेळ आचेवर धरल्यासारखे तापत राहतात.

म्हणून मर्यादा ठरते ती या धातूंवरून. साध्या टर्बो गाड्यांच्या मॅनिफोल्डसाठी वापरलं जाणारं सिलिकॉन-मॉलिब्डेनम ओतीव लोखंड साधारण साडेआठशेपर्यंत बरं वागतं. निकेल भरपूर असलेलं ओतीव लोखंड त्याच्या पुढे जातं, आणि हजार अंशांच्या वर राहायचं तर ओतीव स्टेनलेस पोलाद लागतं. टर्बाइनची चाकं निकेलच्या मिश्रधातूंची, बहुतेक इन्कोनेल ७१३ ची, असतात. २००६ मध्ये पोर्शने ९११ टर्बोत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पेट्रोल इंजिनाला बदलत्या पात्यांचा टर्बो बसवला, तेव्हा खरी अडचण पात्यांच्या यंत्रणेची नव्हती. ती डिझेलमध्ये आधीपासून रुळलेली होती. अडचण आचेची होती: डिझेलचा वायू सातशे-आठशेला असतो, पेट्रोलचा हजारापर्यंत जातो, आणि त्या आचेत ती बारीक पाती अडकू नयेत म्हणून अंतराळ-तंत्रातल्या धातूंकडे जावं लागलं.

एक गोष्ट मला वारंवार सांगावीशी वाटते: तुमच्या गाडीची मर्यादा दुसऱ्याच्या गाडीवरून ठरत नाही. कोणी ९८० वर चालवतो म्हणून आपणही चालवावं, तर आधी त्याचं मॅनिफोल्ड कशाचं आहे ते विचारावं. सर्वसाधारण कारखान्याच्या टर्बो पेट्रोल गाडीसाठी टर्बोच्या आधी मोजलेले ९५० हे कुंपण धरावं, आणि त्याच्या आत काही अंश राखीव ठेवावेत.

डिझेलचा हिशेब वेगळाच आहे, आणि आपल्याकडे तो जास्त महत्त्वाचा, कारण महाराष्ट्रात रिमॅपची लाट आली ती डिझेलवर. स्विफ्टमधलं १.३ मल्टिजेट, लॉराचं २.० टीडीआय, स्कॉर्पिओ, इनोव्हा. डिझेल इंजिनाला हवा नेहमी जास्तच मिळते. ते कायम लीन असतं. पेट्रोल इंजिनात जास्त इंधन म्हणजे थंड एक्झॉस्ट. डिझेलमध्ये जास्त इंधन म्हणजे जास्त तापलेला एक्झॉस्ट, सरळ रेषेत. म्हणून डिझेलमध्ये ईजीटी खरोखर बरंच काही सांगतो: हवेच्या मानाने किती इंधन ओतलंय याचा तो जवळजवळ थेट मापक आहे. टर्बोच्या आधी सातशेच्या थोडं वर गेलं की सावध व्हावं, साडेसातशेला पाय काढावा, हा जुना नियम आजही बहुतेक गाड्यांना लागू पडतो. काळा धूर म्हणजे ताकद, हा समज आपल्या रस्त्यांवर अजून जिवंत आहे. तो धूर म्हणजे हवा न मिळालेलं इंधन. त्याच क्षणी मॅनिफोल्डमध्ये आकडा झपाट्याने चढत असतो, आणि रेल प्रेशरचा खोटा सिग्नल देणाऱ्या स्वस्तातल्या बॉक्सने हेच होतं. घाटात, वर चढताना हवा विरळ होते आणि ईजीटी आणखी वाढतो. लेह-लडाखला जाणाऱ्या रिमॅप केलेल्या डिझेल गाडीत इतर कुठलेही दागिने नसले तरी चालतील, ईजीटी मीटर असावा.

आता साधनाकडे. १८२१ मध्ये थॉमस योहान झेबेक यांनी दोन वेगळ्या धातूंचं कडं केलं, एक जोड तापवला आणि जवळच्या होकायंत्राची सुई हलली. त्यांना ते चुंबकत्व वाटलं. पण खरं तर कड्यातून वीज वाहत होती. आज ईजीटीसाठी वापरतात तो के-प्रकारचा थर्मोकपल क्रोमेल आणि ॲल्युमेल या दोन निकेलच्या मिश्रधातूंचा असतो. अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ९०० अंशांना ३७ मिलिव्होल्टच्या थोडं वर. पण हा व्होल्टेज टोकाच्या तापमानाचा नसतो, दोन टोकांमधल्या फरकाचा असतो. म्हणून मीटर आपल्या मागच्या टोकाचं तापमान स्वतः मोजून त्यात मिळवतो. त्यामुळे प्रोबपासून मीटरपर्यंत त्याच दोन धातूंची वायर असावी लागते. मधे तांबं आलं की मागचं टोक त्या जोडापाशी सरकतं. त्या रात्री जोड ११० अंशांच्या आसपास तापलेला होता आणि मीटर ३० अंशांच्या केबिनमध्ये होता. मीटरने ३० मिळवले, मिळवायला हवे होते ११०. ऐंशी अंश तिथे हरवले. ही चूक ज्या दिशेने होते ती भयंकर आहे: इंजिन-बे जितकी तापेल तितकं मीटर कमी सांगणार.

दुसरा खड्डा रंगांचा. अमेरिकी पद्धतीच्या के-वायरीत पिवळी धन आणि लाल ऋण असते. आपल्या इलेक्ट्रिशियनचा हात लाल दिसली की ती प्लसला जातो. युरोपीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. लांबवलेली वायर उलटी जोडली गेली की आकडा दिसतो, हलतोही, आणि खोटा असतो. जोडणीआधी प्रोब उकळत्या पाण्यात धरून बघायला दोन मिनिटं लागतात. पुण्यात ते ९८ च्या आसपास यायला हवं. पण तेवढ्याने भागत नाही. इंजिन गरम झाल्यावर, जोड तापलेले असताना, पुन्हा तपासावं.

प्रोब कुठे बसवायचा यावर बरीच भांडणं होतात. टर्बोच्या मागे, डाउनपाइपमध्ये बसवणं सोपं, आणि तुटलेलं टोक टर्बाइनमध्ये जायची भीतीही नसते. पण टर्बाइन वायूतून काम काढून घेतं आणि त्यात तापमान शंभर ते दोनशे अंश उतरतं. हा फरक कायम एकच असता तर बेरीज करून भागलं असतं; तो बूस्टबरोबर आणि भाराबरोबर बदलतो. म्हणून माझं मत: टर्बोच्या आधीच, जिथे चारही नळ्या एकत्र येतात तिथे बसवावा आणि चांगल्या जाड आवरणाचा प्रोब घ्यावा. पातळ टोक चटकन प्रतिसाद देतं पण लवकर जळतं. जाड टोक काही सेकंद मागे राहतं पण तुटून टर्बोत जात नाही. रस्त्यावरच्या गाडीला जाड, डायनोवरच्या अभ्यासाला पातळ.

बसवताना मॅनिफोल्ड काढूनच काम करावं. ओतीव लोखंडाला ड्रिल मारलं की काळा भुगा पडतो, टॅपने आटे पाडताना तो आत साठतो, आणि त्यातला चिमूटभर जरी राहिला तरी पहिल्या स्टार्टला टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. गाडीवरच मॅनिफोल्ड ठेवून, टॅपला ग्रीस फासून काम करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. त्यांचा हात चांगला होता. तरीही मी माझ्या गाडीला ते करू देणार नाही. प्रोबचं टोक नळीच्या मधोमध यावं. भिंतीलगत थंड वायू असतो, तिथलं वाचन कमी येतं.

आणि मधोमध असला तरी तो काय मोजतो हे विसरू नये. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांमधल्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका उघडा असतो. वायू धपापत येतो, सलग येत नाही. थर्मोकपल त्या धापांची सरासरी सांगतो आणि त्याच वेळी आजूबाजूच्या भिंतीकडे उष्णता सोडत असतो. म्हणून त्याचा आकडा खऱ्या शिखरापेक्षा कमी असतो. इतर गाड्यांशी तुलना करायला तो फारसा उपयोगी नाही. त्याच गाडीवर, त्याच जागी, आधी आणि नंतर, यासाठी तो सोन्यासारखा आहे.

प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्रोब लावला की ही तुलना एकदम धारदार होते. चारही प्रोब पोर्टपासून सारख्याच अंतरावर, सारख्याच खोलीवर बसवायचे. मग एखादा सिलिंडर तीस-चाळीस अंशांनी वेगळा पडला की शोध सुरू करायचा. इंजेक्टर चोंदला असेल, इनटेकमधून हवा असमान जात असेल, कॉइल कमकुवत असेल. मिसफायर झालेला सिलिंडर लगेच ओळखू येतो, त्याचा आकडा धाडकन कोसळतो. एकत्रित वाइडबँड हे लपवतो: एक सिलिंडर लीन, एक रिच, आणि सरासरी अगदी सुंदर. शर्यतीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, प्रत्येक सिलिंडरचं इंधन वेगळं सुधारता येतं, पण कुणाला किती द्यायचं हे कळायला चार प्रोब लागतात. अर्थात चारही सिलिंडर एकाच तापमानावर आणण्याचा हट्ट धरू नये. नळ्यांची लांबी वेगळी असली तर थोडा फरक न्याय्यच असतो.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं हे कमी खर्चात करतात, हे पाहून बरं वाटतं. फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्यांत चाकणला बनणारं केटीएम ३९० चं इंजिन, २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, आणि आर्डुइनोला जोडलेली मॅक्स६६७५ चिप. एकच गोष्ट त्यांना सांगायची: ती चिप १०२३.७५ अंशांच्या पुढे मोजतच नाही आणि वाचन द्यायला सुमारे पाव सेकंद घेते. वरच्या मर्यादेला चिकटलेली सरळ रेषा म्हणजे स्थिर इंजिन नव्हे. त्याऐवजी मॅक्स३१८५५ घ्यावी.

कारखान्यांनी हा प्रश्न कसा हाताळला हेही पाहण्यासारखं आहे. काहींनी सेन्सर दिला: ऑडीच्या २२५ अश्वशक्तीच्या १.८ टर्बोला होता, एस४ च्या २.७ बायटर्बोला दोन होते, २००२ च्या अमेरिकी सुबारू डब्ल्यूआरएक्सला टर्बोआधीच्या नळीत होता. सुबारूवाल्यांनी त्या नळीतला कॅटॅलिस्ट काढल्यावर सेन्सरच्या जागी २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावायला सुरुवात केली, म्हणजे ईसीयूला कायम एकच शांत तापमान दिसत राहील. ती युक्ती आजही चालू आहे आणि मला ती आवडत नाही. कॅटॅलिस्ट काढला तरी टर्बो जागेवरच असतो. सेन्सर ठेवून त्याचं वाचन लॉगमध्ये घेता आलं असतं.

बहुतेक कारखान्यांनी मात्र सेन्सर दिलाच नाही. ईसीयू हवा, आरपीएम, लॅम्डा (लागणाऱ्या हवेच्या मानाने मिळालेली हवा) आणि टायमिंग यांवरून एक्झॉस्टचं तापमान गणिताने काढतो आणि ते मर्यादेजवळ गेलं की आपोआप इंधन वाढवतो. रिमॅप करताना बूस्ट वाढवला, टर्बो बदलला, पण हे गणित जुन्याच गाडीचं राहिलं, तर ईसीयू समजतो ८८० आणि खरं असतं ९६०. त्याहून वाईट म्हणजे ताकद मिळवण्यासाठी ही संरक्षणाची मर्यादाच वर सरकवणं. कुठल्याही रिमॅपवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा: तापमानाच्या मर्यादेला हात लावलाय का, आणि लावला असेल तर कशाच्या आधारावर?

जास्त पेट्रोल टाकून थंड करणं हा उपायही महागडाच. लोक म्हणतात पेट्रोल उडून जाताना थंड करतं; तो भाग लहान आहे. मोठा भाग असा की हवा पुरत नाही, म्हणून बरंचसं पेट्रोल अर्धवट जळतं, कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि पूर्ण उष्णता सुटतच नाही. म्हणजे पेट्रोल वाया आणि विषारी धूर वाढीव. म्हणूनच कारखाने आता दुसऱ्या वाटा शोधतात. फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ इंजिनाच्या तिसऱ्या पिढीत, जे आपल्याकडे ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयमध्ये आलं, मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं आहे आणि त्याभोवती पाणी फिरतं. बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएसमध्ये डिकीत पाच लिटरची टाकी ठेवून इनटेकमध्ये पाणी फवारलं.

आपल्या देशात यात इंधनाचा प्रश्न मिसळतो. साध्या पेट्रोलवर, मे महिन्याच्या चाळीस अंशांच्या हवेत, टर्बो गाडी ओढली की नॉकिंग येतं. ईसीयू टायमिंग मागे घेतो. ईजीटी चढतो. ईसीयू इंधन वाढवतो. मालक म्हणतो, उन्हाळ्यात गाडीचा पिकअप गेला आणि ॲव्हरेजही. सगळी साखळी एका टाकीपासून सुरू झालेली असते. एक्सपी१०० सारखं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये पुण्या-मुंबईत आलं; ते घातल्यावर टायमिंग पुढे राहतं आणि ईजीटी उतरतो, हे मीटरवर डोळ्यांनी दिसतं. दुसरी बाजू इथेनॉलची. आपल्याच साखर कारखान्यांतून येणारं इथेनॉल २० टक्के मिसळलं की एक भाग इंधनाला लागणारी हवा १४.७ वरून १३.५ च्या आसपास येते. शुद्ध पेट्रोलवर बांधलेल्या जुन्या मॅपमध्ये, फुल थ्रॉटलवर, ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघत नसेल तर मिश्रण त्या प्रमाणात लीन होतं. लॅम्डा ०.८० ठरवलेला असतो, मिळतो ०.८७. इथेनॉलमध्ये थंड करण्याचा आणि नॉकिंग रोखण्याचा चांगला गुण आहे, पण तो मिळवायचा तर मॅप त्यासाठी नव्याने करावा लागतो. आणि बोलताना ‘एअर-फ्युएल रेशो’ सोडून लॅम्डातच बोलावं. ती भाषा इंधन बदललं तरी खोटी पडत नाही.

राहिली वेळ, जी डायनोवर सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. नेहमीचा रन आठ-दहा सेकंदांचा असतो. तेवढ्यात मॅनिफोल्ड आणि टर्बो अजून तापतच असतात. ते वायूची उष्णता पीत राहतात, म्हणून टर्बोआधीचा आकडाही खऱ्यापेक्षा कमी राहतो. आलेख काढला, छापला, गाडी गेली. मग मालक कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर वीस मिनिटं चालवतो, तेव्हा आकडा जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर काही सेकंदांच्या ड्रॅगसाठी केलेला मॅप आणि ट्रॅकसाठीचा मॅप एक असू शकत नाही.

त्या रात्री आम्ही योग्य वायर लावली, जोड काढून टाकले आणि नेहमीच्या रनऐवजी भार धरून ठेवला: ५००० आरपीएम, फुल थ्रॉटल, आकडा स्थिर होईपर्यंत. तिसाव्या सेकंदाला तो ९६८ होता आणि अजून चढत होता. तिथेच थांबवलं. इंजिन अर्धा तास गार होऊ दिलं. बूस्ट थोडा उतरवला, लॅम्डा ०.८१ वरून ०.७९ केला, आणि टाकीत चांगलं पेट्रोल घालून, हेडफोन कानाला लावून, टायमिंग दीड अंश पुढे घेतलं. पुन्हा धरलं. ९२० वर काटा थांबला आणि पन्नासाव्या सेकंदापर्यंत तिथेच राहिला. आलेखावरून अकरा अश्वशक्ती गेली होती. मालकाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले, मग जुना घडी करून खिशात घातला आणि नवा मॅप गाडीत ठेवायला सांगितला. मीटरचा दिवा ९४० ला लागेल असा बसवून आम्ही शेडचं शटर ओढलं तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि मॅनिफोल्ड अजून टिकटिक करत गार होत होतं.